घरच्यांची सही

३ फेब्रुवारी, मंगळवार

चौथ्या फेरीला पाहुण्यांपुढे भाषण करताना मध्येच अडकले — ब्रेकचं सांगून झालं की राहिलं? आठवेना! म्हणून पुन्हा सांगितलं. एक काका म्हणाले, मॅडम, हे झालं मघाशी. झालं तर झालं. दोनदा ऐकून कोणाचं काही बिघडत नाही.

उजव्या अंगठ्याने गॅस, म्हणजे वेग. ब्रेक दोन्ही हातांनी, हळू. पुढच्या गाडीच्या चाकोरीतून बाहेर पडायचं नाही. टेकडीच्या माथ्यावर पुढच्याने खूण केल्याशिवाय हलायचं नाही. नऊ वर्षं, दिवसातून चारदा, हेच. लोक वाळवंटात आले की त्यांना वाटतं आपण सिनेमात आलो. चार चाकांच्या क्वाड बाईकवर बसायच्या आधीच पन्नास फोटो. आज एका नव्या नवरीला हेल्मेटखाली केस चपटे होतील याचं दुःख झालेलं. म्हटलं, बाई गं, केस परत फुगतात, डोकं फुटलं तर जुळायला वेळ लागतो. तिचं तोंड एवढंसं झालं. मलाच वाईट वाटलं मग.

घरी आले तर नवरा खुर्चीत. सकाळी जसा सोडून गेले होते तसाच. त्या पडण्याला आज बरोबर पाच महिने झाले.

४ फेब्रुवारी, बुधवार

शेवटची फेरी बाहेर गेलीय. पन्नास मिनिटं कोणी येत नाही, म्हणून काउंटरवरच लिहितेय. घरी वही काढली की नवरा बघत बसतो.

मालकांनी ऑफिसात बोलावलं होतं. नवऱ्याबद्दल डॉक्टरांचा कागद आला म्हणे. खांदा जुळला, डोक्याचा फोटो स्वच्छ, पुन्हा गाड्यांचा ताफा घेऊन जायला हरकत नाही. पण विमावाल्यांना आणखी एक कागद हवाय — घरच्यांच्या सहीचा. विसरणं नाही, चक्कर नाही, मोजण्यात गोंधळ नाही, असं बरोबर राहणाऱ्या माणसाने लिहून द्यायचं. डोक्याला मार लागलेला माणूस डॉक्टरांपुढे दहा मिनिटं नीट वागतो, घरात चोवीस तास नाही वागता येत, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही.

मालक म्हणाले, वहिनी, तुम्हाला घरही माहीत आणि कामही माहीत, तुमच्याइतकं कोण सांगणार! वीस तारखेपर्यंत द्या. नाही म्हणालात तरी माझा राग नाही, ऑफिसात काहीतरी काम देऊ त्याला. बिचारे पाच महिने स्वतःच ताफ्याच्या पुढे जातात, या वयात, कमरेला पट्टा बांधून. राग नाही म्हणाले, पण डोळे माझ्या पेनाकडेच होते.

म्हणजे चौदा वर्षं ज्याने ताफे नेले, त्याने ते पुढे न्यायचे की नाही हे मी ठरवायचं. छान!

५ फेब्रुवारी

घरी सांगितलं. म्हणाला, कर की सही, त्यात काय. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज दूध गॅसवर ठेवून विसरला. भांडं काळंठिक्कर! मी ओरडले तर माझ्यावर उलटा ओरडला, की तू नाही का कधी विसरत? विसरते. पण माझ्याबद्दल कोणी कागद मागत नाही ना.

त्या सकाळचं सारखं डोक्यात येतं. वारा वाळूच्या टेकड्या रात्रीत हलवतो. काल जिथे सोपा उतार होता तिथे आज सरळ भिंत असते. म्हणून ताफ्याच्या पुढचा माणूस उजाडता उजाडता एकटा जातो आणि त्या दिवसाची वाट पाडून येतो. मग दिवसभर सगळे त्याच्या चाकांच्या खुणेवरून. तर हा वाट पाडायला गेला आणि त्या फिक्या उजेडात टेकडीची धार त्याला दिसलीच नाही. हा खाली, गाडी अंगावर. साडेतीन तासांनी सापडला. शुद्धीत होता. इतका वेळ काय केलंस, असं हॉस्पिटलात विचारलं तर म्हणाला, झोप काढली मस्त. आम्ही सगळे हसलो. नर्ससुद्धा हसली.

एकच गोष्ट इथे लिहून टाकते. मला तो घराबाहेर हवाय. त्याला बरं वाटावं म्हणून नाही — मला अर्धा दिवस रिकामं घर हवंय. दार उघडल्यावर समोर कोणी नको, आज मालक काय म्हणाले असं विचारणारं कोणी नको. किती वाईट बायको आहे मी. असू दे.

८ फेब्रुवारी, रविवार

नणंदबाईंचा फोन. भाऊ माझा झुरतोय, त्याचा जीव त्या गाड्यांत आहे, तू आडवी येऊ नकोस. म्हटलं, मी कुठे आडवी आले, ताई? तुम्ही या ना चार दिवस राहायला, स्वतःच बघा. त्यांना लगेच कुकर बंद करायची आठवण झाली.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज दुसऱ्या फेरीत मालक माथ्यावर थांबले. मागे किती गाड्या आहेत त्याची बोटं दाखवली, सात. सगळ्यात मागे आमचा शेपूटराव असतो, म्हणजे ताफ्याचा शेवटचा गडी; त्याने दाखवली सहा. झालं! दोघांची बोटं जुळली नाहीत तर कोणी इंचभर हलायचं नाही, हा इथला पहिला नियम. भर उन्हात सगळे उभे. एक पाहुणा फोटोसाठी बाजूच्या खळग्यात उतरला होता, तिथेच त्याची गाडी रुतलेली. सापडला तेव्हा तो रडवेला. बोटं जुळवली नसती तर तिथेच राहिला असता.

शेपूटराव चहा पिताना म्हणाला, वहिनी, तुमच्या साहेबांचं मोजणं चौदा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

१० फेब्रुवारी

त्याला म्हटलं, कागद माझ्या हाती आहे ना, मग आपण दोघं एकदा उजाडताना जाऊन येऊ. तू पुढे, मी मागे. मी बघते आणि सही करते. म्हणाला, चालेल. डोळे फोनवर.

११ फेब्रुवारी

वारा आहे म्हणाला. दोरीवरचा टॉवेलही हलत नव्हता.

१२ फेब्रुवारी

खांदा दुखतोय म्हणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी स्वतःच गाड्यांच्या शेडवर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपली गाडी तासभर पुसत बसला. चालू करून बघा की, असं शेपूटरावाने म्हटलं तर म्हणाला, आज नको, बॅटरी बसली असेल. मेकॅनिकने परवाच नवी घातलीय. मला हे शेपूटरावाने हळूच येऊन सांगितलं. विसरतोय का हा? परवा घरी मीच त्याला सांगितलं होतं.

जेवताना विचारलं, काही होतंय का? म्हणाला, काही नाही. परत विचारलं तर ताट सरकवून उठला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सहा फेऱ्या. सहा! लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेलो एकदाचे.

मालकांनी किल्ल्या दिल्या, फाटकाशी उभे राहिले. मी वर्षभरानंतर गाडीवर बसत होते. मला हे यानेच शिकवलं, लग्नानंतर सहाव्या वर्षी. तेव्हा इतक्या शिव्या घालायचे मी त्याला!

तो पुढे निघाला आणि मी बघतच राहिले. काय चालवतो हा माणूस! उगाच गॅस नाही, झटका नाही. चढाला थोडं पुढे झुकायचं, माथ्याच्या आधी सोडून द्यायचं, सगळं जिथल्या तिथे. फक्त वेग कमी होता, पण पाच महिन्यांनी बसलेला माणूस हळूच जाणार. पहिला माथा झाला, दुसरा झाला. मला हेल्मेटच्या आत रडू फुटलं. काच धूसर झाली, ती पुसायलाही येईना.

तिसऱ्या माथ्यावर तो थांबला. समोर तो पडला होता तीच टेकडी होती. इंजिन बंद केलं. वळला. आणि सवयीप्रमाणे हात वर करून बोटं दाखवली, मागे किती गाड्या आहेत ते.

चार.

मागे मी एकटी. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं, वेड्यासारखं! वाळू आणि आमच्या दोघांच्या चाकोऱ्या.

मी एक बोट दाखवायला हवं होतं. शेवटच्याने खरा आकडा दाखवायचा, दुसरं काही कामच नसतं त्याला. हात वर केला आणि चार बोटं दाखवली. त्याच्याइतकीच. तो बराच वेळ तसाच बघत राहिला. काचेमुळे चेहरा दिसत नव्हता. मग पुढे वळला, इंजिन चालू केलं, आणि आम्ही त्या टेकडीला लांबून वळसा घालून परत आलो.

मालकांनी विचारलं, कसं काय? म्हटलं, हात अजून तसाच आहे याचा. हे तरी खोटं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

आज सकाळी चहा दिला तर माझ्याकडे नुसता बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. म्हणाला, साखर कमी आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चार दाखवली म्हणून काय झालं? चौदा वर्षं मागे कमीत कमी चार-पाच गाड्या असायच्याच. हात आपोआप गेला असेल. शेपूटराव मागे असतोच की, तो खरा आकडा दाखवेल, बोटं जुळणार नाहीत, ताफा थांबेल. नियम त्यासाठीच आहे ना! एक माणूस चुकला तर दुसरा असतो.

असं दिवसभर स्वतःला समजावतेय. पाहुण्यांना हेल्मेट देताना, पट्टे आवळताना, भाषण करताना. आणि मग आठवतं की परवा दुसरी मीच होते.

एक बोट दाखवलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. तिथल्या तिथे त्याला कळलं असतं. मग तो पुन्हा खुर्चीत, आणि मी त्या खुर्चीसमोर, वर्षानुवर्षं. ऑफिसात बसणारा माणूस नाही तो. घरात बसून माझा जीव खाईल. मला आता नाही रेटवत. दमले मी. कोणाला सांगू हे? नणंदबाईंना?

संध्याकाळी कागद भरला. मोजण्यात गोंधळ होतो का — नाही. पेन चालत नव्हतं, दुसरं आणलं. सही केली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कागद दिला. मालकांनी दोन्ही हातांनी घेतला, पट्टा सोडून टाकतो म्हणाले कमरेचा. सगळ्या शेडला चहा. नणंदबाई फोनवर रडल्या, म्हणाल्या, तू आहेस म्हणून. हा सगळ्यांच्या मध्ये उभा राहून मोठमोठ्याने हसत होता. उद्या पहिलीच फेरी त्याची.

घरी येऊन न जेवता झोपला. मला वाटलं, आनंदाने.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सहा पाहुणे. हेल्मेटं वाटून झाली होती. हा हातमोजे घालून काउंटरपाशी आला आणि अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी मी चार मुद्दाम दाखवली. वाटलं, तू एक दाखवशील, आपण तिथेच थांबू, आणि तू सही करणार नाहीस. मला भीती वाटते गं. माझ्या तोंडून निघत नव्हतं."

मी त्याच्या हातातली किल्ली घेतली. पाहुण्यांना म्हटलं, अर्धा तास लागेल. मालकांकडून कागद परत मागून घेतला. त्यांनी काही न विचारता पट्टा बांधला.

दुपारभर तो बोलत होता. त्या साडेतीन तासांबद्दल. तोंडात गेलेली वाळू, पायावरची गाडी, हाका मारून बसलेला घसा. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. मी हात धरून ऐकत होते.

मी चार का दाखवली, हे त्याने अजून विचारलेलं नाही.