खालचे चौदा

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. सकाळी १० वा. २० मि.
शहादा. दवाखान्याच्या बाकावर बसून जिभेने खालचे दात मोजत होतो. चौदा. पुढचे चार एकमेकांवर चढलेले, घासता येत नाहीत, हिरडीतून रक्त येतं. वडिलांना, दादांना, जाऊन आज ५८ दिवस.
पहिले डॉक्टर म्हणाले होते, एक काढून टाक, बाकीचे मोकळे होतील. नको म्हणालो. दादांचाही आधी एकच काढला होता. चाळिशीत कवळी आली. ती अजून फडताळात, स्टीलच्या वाटीत आहे. तिचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.
या मॅडम महिन्यातून एका रविवारी धुळ्याहून येतात. म्हणाल्या, न काढता करू. आधी तार, मग दातांच्या मधून खरखरीत बारीक पट्टी फिरवून, जरासं घासून जागा करायची. म्हणजे आमच्या शिलाईसारखंच, कपड्याची अख्खी कळी कापायची नाही, प्रत्येक शिवणीत थोडं थोडं दाबायचं. हे मला समजलं.
"पण जागा मोजकीच आहे हं."
तार बसवली.

१२ फेब्रु.
माय : "दूधमा भाकर चुरी देऊ का?"
खाल्ली. सगळे म्हणतात दुखतं. दुखलं नाही.

१० मार्च, रवि.
पट्टी फिरवली. मांजरपाट फाडल्यासारखा आवाज. "दुखतंय?" नाही. "थोडं दुखायला हवं," मॅडम म्हणाल्या. मेण दिलं, तार टोचली तर लावायला.

२१ मार्च, गुरु.
दुकानात. ब्लाउजला हूक लावला आणि दोरा दाताने तोडला. तार धरणारा, दातावर चिकटवलेला ब्रॅकेट सुटून जिभेवर. आधी टिचबटण वाटलं.
गफूरचाचांचं दुकान. दादांनी इथेच बावीस वर्षं शिवलं, मी त्यांच्याच मशीनवर बसतो. चाचांनी ओठ वर करून स्वतःचा दात दाखवला. मधोमध दोऱ्याची खाच.
"हाई देख. खाच नई तर टेलर कसाना? तुन्हा बापनी कवळी बसाडी, तव्हय बी पहिले दोराच तोडी देखा."
"मग?"
"मग काय! कवळी दोरासंगे बाहेर!"
गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, तोंडावर हात ठेवून.

१४ एप्रिल, रवि.
मार्चमध्ये मॅडमना फोन केला, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ब्रॅकेट परत चिकटवला. ३ तारखेला पुन्हा तेच. तोच दात, तोच दोरा. दोन्ही वेळा मॅडमना खरं सांगितलं.
"दर वेळी दात मागे फिरतो. हिरडी अशक्त आहे, मला फार महिने ओढता येणार नाही. तिसऱ्यांदा सुटला तर एक काढावाच लागेल."
बरं म्हणालो.

१५ एप्रिल
दोरा कापायची कतरणी नाडीने गळ्यात बांधली.
चाचा : "घंटी बांधेल गोऱ्हा दिसस."
दिसू दे.

१२ मे, रवि.
लग्नसराई. दिवसाला नऊ-दहा ब्लाउज. एकही ब्रॅकेट सुटला नाही. दोन दात सरळ झाले. मॅडम म्हणाल्या, हसा. हसलो. त्यांनी फोटो काढला. फोटोत दात आहेत.

९ जून, रवि.
सगळं शाबूत. चौदा.

२ जुलै, मंगळ.
मायने दादांची राखाडी पँट काढून दिली. "तुले बसस का देख." कंबर दोन इंच मोठी. उसवली. शिवण त्यांचीच होती. टाके माझ्यासारखे, जरा डावीकडे झुकलेले. की माझे त्यांच्यासारखे.
घरी मशीन नाही, हातानेच घातली. दोन्ही बाजूंना थोडं थोडं दाबलं, कुठे चुणी नाही. शेवटची गाठ मारली. कतरणी दुकानात, नाडीसकट खुंटीला.
कळलं तेव्हा दोरा तुटलेला होता, ब्रॅकेट जिभेवर.
या वेळी दुखलं. बराच वेळ. पँट मांडीवरच.
माय : "काय व्हयनं रे?"
"दात."
"दातनाकरता इतलं रडस का कोनी?"
मग तीही खाली बसली.

६ जुलै, शनि.
पँट घातली. बरोबर बसते.

१३ जुलै, शनि.
उद्या मॅडम येणार. दात थोडा फिरलाय, जिभेला कळतं. अकरा दिवसांत किती फिरत असेल? फोन करता आला असता. केला नाही. दाताने तोडला हे उद्या सांगायचं की भाकरीने सुटला म्हणायचं, ठरत नाही. ब्रॅकेट कागदात गुंडाळून वाटीत ठेवलाय, कवळीजवळ.

ठरलेले — ३२,०००
दिले — फेब्रु. ८,०००, मार्च ते जून दरमहा २,०००, एकूण १६,०००
ब्रॅकेट परत चिकटवणे — ५०० × २ = १,०००
ब्रश, मेण — ३४०
एकूण खर्च — १७,३४०
मॅडमची बाकी — १६,०००
चाचांची उचल ५,०००, फिटली ३,५००, बाकी १,५००
खालचे दात — १४, आजचे.