तीन वाजण्यापूर्वीची हाक

इंदापूर,
शनिवार, दि. ८ फेब्रुवारी २०२५.

पद्मा नारायण वाबळे हिस,

नावाआधी काय लिहावे हे पंधरा महिन्यांत ठरलेले नाही. 'सौ.' आता लिहिता येत नाही आणि दुसरे अक्षर लिहिण्यास हात धजावत नाही. म्हणून मतदारयादीत होते तसे तुझे पूर्ण नाव लिहिले आहे.

बारामतीस मी बरा आहे. आपली लेक सई दर रविवारी पुण्याहून फोन करते आणि तिकडे राहावयास बोलावते. तुझा चष्मा तिने कपाटात ठेवला होता. ती गेल्यावर मी तो पुन्हा फ्रिजवर ठेवला. या विषयावर आमचे एकमत नाही.

आता कामाचे. तुमच्या ग्रंथपाल संघाने याही वेळी पुणे जिल्ह्याचा निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मलाच नेमले. नेमणूकपत्रात 'आपली सर्वश्रुत निःपक्षपाती वृत्ती' असे शब्द आहेत. मी नकार कळविणार होतो. परंतु राज्याध्यक्षपदासाठी विद्यमान अध्यक्ष राजवर्धन काटकर चौथ्यांदा उभे असून आपल्या जिल्ह्यातून राजेश्वरी त्यांच्याविरुद्ध अर्ज भरणार आहे, असे समजले. तीच राजेश्वरी, निमगाव केतकीची, तुझ्या हाताखाली शिकलेली. पहिली फेरी जिल्ह्याजिल्ह्यांतून होते आणि जिल्ह्यात जो निवडून येतो त्याच्याच पदरात जिल्ह्यातील सर्व प्रतिनिधींची मते पडतात, हे तुला सांगावयास नको. कंत्राटी ग्रंथपालांना कायम करण्याचा तुझा ठराव तिच्या पत्रकात पहिल्याच ओळीत होता. म्हणून मी होकार दिला.

आज अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता. जागा तीच, येथील महाविद्यालयाचा पहिल्या मजल्यावरील वाचनकक्ष. मुदतही तीच, दुपारी तीन. अध्यक्षांचा अर्ज त्यांचे प्रचारप्रमुख युवराज सकाळीच देऊन गेले होते. दोन वाजता ते पाचसहा जणांसह पुन्हा आले आणि पंख्याखाली बसले.

"सर, यंदाबी बिनविरोधच दिसतंय. पेढे सांगू का?"

"मुदत संपलेली नाही," मी म्हणालो.

दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी मी उठलो. नियम अकरा असा आहे, की मुदत संपण्यापूर्वी पाच मिनिटे अधिकाऱ्याने स्वतः दाराशी उभे राहून उरलेल्या इच्छुकांस तीन वेळा मोठ्याने हाक द्यावी. मी दाराशी गेलो आणि हाक दिली. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हते. व्हरांड्यात कोणीही नव्हते. बाक रिकामा होता.

"सर, कुणाला बोलावताय? चिमण्यांना?" युवराज म्हणाले, आणि सर्व जण हसले.

तीन वाजता मी अर्जपेटी मोहोरबंद केली. पुणे जिल्हा पुन्हा अध्यक्षांकडे गेला. पेढे आले. मंडळी गेल्यावर शिपाई गेणबा खुर्च्या लावू लागला. अजून तोच आहे. पुढील वर्षी निवृत्त होईल. खाली पाहतच म्हणाला, "राजेश्वरीबाई आल्त्या, सर. दीडला. बाईंच्याच जागंला बसल्या हुत्या."

"मग आत का आल्या नाहीत?"

"म्या म्हनलं, जावा की आत. तर म्हनल्या, गेणबामामा, बाईंना तरी कुठं हाक मारली हुती? सवताचा नवरा असून. मग हितं माजी काय दाद लागनार? मग फॉर्म पिशवीत घातला आन् सव्वादोनच्या गाडीनं गेल्या."

"त्यांना हे कोणी सांगितले?"

"म्याच सांगितलं हुतं, सर." त्याने खुर्ची खाली ठेवली. "खोटं हाय का?"

पद्मा, ते खोटे नाही.

तीन वर्षांपूर्वी याच पदासाठी तू अर्ज भरणार होतीस. उमेदवारासोबत प्रवास करणे अधिकाऱ्यास शोभत नाही म्हणून मी बारामतीहून स्कूटरवरून एकटा निघालो आणि तू एसटीने आलीस. निमगाव केतकीच्या बाजारात गाडी पाऊण तास अडकली. तीन वाजून दोन मिनिटांनी तू माझ्या मेजासमोर उभी राहिलीस. मुदत संपली आहे, असे मी सांगितले. तू अर्जाची घडी घातलीस, 'बरं' म्हणालीस आणि वळलीस. सईला मी आजवर एवढेच सांगत आलो. यातील प्रत्येक शब्द खरा आहे.

सांगितले नाही ते असे. त्या दिवशी तीनला सहा मिनिटे असताना गेणबा माझ्या कानाशी येऊन म्हणाला होता, "सर, बाई भाइर बसल्यात. जिना चढून दम लागलाय त्यास्नी." मी खिडकीतून पाहिले. तू बाकावर बसून पदराने मान पुसत होतीस आणि अर्ज मांडीवर दाबून धरला होतास. मी म्हणालो, "बसू देत." नंतर दोन वाजून पंचावन्न मिनिटे झाली. नियम अकरा मला पाठ होता. पण आत अध्यक्षांची माणसे बसली होती, आणि दाराशी जाऊन मी हाक दिली असती तर ती एकट्या माझ्या पत्नीसाठी ठरली असती. लोक काय म्हणतील, या एका भीतीने मी खुर्चीवरून उठलो नाही. त्या भीतीलाच मी निःपक्षपातीपणा समजत आलो. तुझा तो दम साधा नव्हता, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत वर्ष उलटले.

रुग्णालयात तू एकदाच विचारलेस, "अहो, मी बाहेर बसलेय हे तुम्हाला कळलं होतं का हो?"

मी 'नाही' म्हणालो. तू माझा हात थोपटलास.

आजच्या इतिवृत्तात मी अखेरचा परिच्छेद असा लिहिला आहे: 'मागील निवडणुकीत इच्छुक उमेदवार श्रीमती पद्मा वाबळे मुदतीपूर्वी दाराबाहेर उपस्थित होत्या. निम्नस्वाक्षरीकारास त्याची माहिती होती. नियम अकरानुसार हाक देण्यात आली नाही.' खाली स्वाक्षरी केली आणि सोबत राजीनामा जोडला. याने निकाल बदलत नाही, ना त्या वेळचा, ना आजचा. राजेश्वरीस फोन केला. तिने उचलला नाही.

येथून पुढचे बाहेर बाकावर बसून लिहीत आहे. या बाकावर मी पूर्वी कधी बसलो नव्हतो. येथून खिडकी समोरच येते, आणि खिडकीतून आतील माझी खुर्ची, मेज, भिंतीवरचे घड्याळ, सारे स्पष्ट दिसते. खुर्चीवरील माणूस मान वळवून बाहेर पाहत असेल, तर तेही दिसेल.

म्हणजे तू विचारलेस तेव्हा तुला माहीत होते.

तुझा,
नारायण

ता. क. वाचनकक्षाचे दार चार वाजून पन्नास मिनिटांनी कुलूपबंद केले. दोन्ही किल्ल्या गेणबाकडे परत दिल्या.