बॅटरी जपून ठेवली आहे

४ मार्च
छापखान्यात डीफिब्रिलेटर आलं. नाव पाठ करायला अख्खी सकाळ गेली. कुणाचं हृदय एकाएकी थांबलं, तर छातीला लावायचं. यंत्र बोलून सगळं सांगतं आणि गरज पडली तर झटका देतं. मॅनेजरने जबाबदारी माझ्यावर टाकली. दुसरा आहे कोण? स्टोअर मीच सांभाळतो. आजवर एक खिळा हरवलेला नाही.

५ मार्च
ट्रेनर आला. सगळ्यांना बाहुलीच्या छातीवर दाबायला लावलं. रिसेप्शनिस्टने घाम निघेपर्यंत दाबलं. मी दाबलं नाही. देखरेख कुणीतरी करायला हवी. कटिंग मशीनवर माझा साडू आहे. तो म्हणाला, साडूभाऊंनी दाबलं असतं तर बाहुली उठून पळाली असती. सगळे हसले. याला नोकरी मी लावून दिली. असो.
हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर यंत्र तयार, असं ट्रेनरने दहादा सांगितलं. आम्ही काय कुक्कुलं बाळ आहोत?

१२ मार्च
दिवा रात्रंदिवस लुकलुकतो. कुणाला काही झालेलं नसताना. बॅटरी फुकट उतरणार. घरी मी रिमोट, टॉर्च, सगळ्यांचे सेल काढून ठेवतो, म्हणून आमच्याकडे वस्तू टिकतात. बॅटरी काढली, पिशवीत गुंडाळून स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. कुलूप लावलं.

२० मार्च
मॅनेजरने विचारलं, यंत्र तयार आहे ना. म्हटलं, अगदी. रिसेप्शनिस्ट म्हणाली, दिवा दिसत नाही. तिला सुनावलं, की दिव्याकडे बघत बसू नका, फोन बघा.
संकल्प : बॅटरी कुठे आहे ते उद्या सगळ्यांना सांगायचं.

२३ मार्च
राहिलं. साडू जेवताना म्हणाला, हल्ली जिना चढताना धाप लागते. म्हटलं, पोट कमी कर. मला म्हणाला, तुम्हीच लावा ना तुमचं यंत्र. फाजील.

२ एप्रिल
आज अक्षर नीट येत नाही.
साडू कटिंग मशीनपाशी उभ्याचा आडवा झाला. हाका मारल्या, हलवलं, काही नाही. घोरल्यासारखा श्वास घेतला, मग तोही थांबला. रिसेप्शनिस्टने अॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि छाती दाबायला घेतली. मी यंत्र आणलं. झाकण उघडलं. यंत्र मुकं. ती दाबता दाबता म्हणाली, चालू करा, चालू करा. म्हटलं, आलोच.
स्टोअरकडे धावलो. किल्ली कोटात. कोट मॅनेजरच्या केबिनमध्ये. ड्रॉवर उघडला तर पिशव्याच पिशव्या, सगळ्यांना माझ्याच घट्ट गाठी. दातांनी सोडल्या. एकीत पिना. एकीत जुने बल्ब. देवा, एकीत नुसत्या रिकाम्या पिशव्या.
बॅटरी घेऊन आलो तेव्हा साडूचे ओठ निळे पडले होते. तिचे हात थांबले नव्हते. यंत्र बोललं, सगळ्यांना बाजूला केलं, झटका दिला. मला बघवेना. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, नाडी लागतेय.
बायकोला सांगितलं, यंत्र मी आणलं. हे खरंच आहे.

३ एप्रिल
मॅनेजरने विचारलं, उशीर का झाला. म्हटलं, नवं यंत्र, गरम व्हायला वेळ लागतो. रिसेप्शनिस्ट तिथेच होती. बोलली असती तर बरं झालं असतं.
बॅटरी मी चांगल्या हेतूने काढली होती.
संकल्प : मॅनेजरला खरं सांगायचं. तो मोकळा असेल तेव्हा.

७ एप्रिल, संध्याकाळ
साडूला शुद्ध आली. स्वतःच्या बायकोला ओळखतो. मुलगी समोर आली तर तिला परक्यासारखं, बसा म्हणाला. ती बसली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त मिळायला उशीर झाला. हळूहळू आठवेल, सगळं आठवेलच असं नाही.
मेहुणी बाहेर आली. माझे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, भावोजी, तुम्ही धावलात म्हणून हे आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगूनच टाकायचं ठरवलं. तोंड उघडलं, आणि निघालं ते असं, की त्यात काय एवढं, माझं कामच आहे ते.