खोल पाण्यातल्या काकड्या

वाइनिकोरो, बुआ
रविवार, ८ जून २०१४

प्रिय विलिमायना वन्सं,

तुम्हाला इथल्या सगळ्यांचा नमस्कार. आत्ताच चर्चहून आले. तुम्ही पाठवलेलं निळं कापड मी आज नेसले होते. बायकांनी एवढं निरखलं की गाण्यात कुणाचं लक्षच नव्हतं. सेरेइमा आत्या म्हणाली, "सिडनीला असलं कापड मिळतं, तर विलिमायना परत कशाला येईल?" म्हातारी बोलते तिरकं, पण डोळे पुसत होती.

मुलं बरी आहेत. धाकटीचे पुढचे दात पडलेत. कसाव्याचे कंद यंदा चांगले पोसलेत. तुमचा भाऊ आपिसाई घरीच असतो, सावलीत बसून जाळी विणतो. हातात कला आहेच त्याच्या.

फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन लावला की हे शेजारी बसून ऐकतात आणि मध्येच माझ्या हातातून काढून घेतात. म्हणून लिहितेय. शाळेचे मास्तर सुवाला निघालेत, ते टपालात टाकतील.

तुमचं मागचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्या हॉटेलातल्या त्या लग्नाच्या जेवणाचं लिहिलंत ना, की वाळवलेल्या समुद्रकाकड्या, ते वाळूतले मऊ जीव, आधी दिवसेंदिवस पाण्यात भिजवायच्या, मग साफ करायच्या, मग मोठ्या साहेबांच्या बशीत एकेक ठेवायची. आणि तुम्ही मुकादमाला ऐटीत सांगितलंत, "ह्या माझ्या गावच्या असतील!" इथे सगळे टाळ्या वाजवून हसले. निम्म्या बशा तशाच परत आल्या, यजमानांनी नुसता मान म्हणून मागवल्या होत्या आणि तुम्ही त्या कचऱ्यात ओतल्यात, हे मी वाचलं तेव्हाही सगळे हसत होते. हे मात्र हसले नाहीत. जाळं बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

वन्सं, तुम्ही होतात तेव्हा ओहोटीला आपण बायका टोपल्या घेऊन जायचो. काकडी पायालाच लागायची. आता गुडघाभर पाण्यात एक दिसत नाही. आधी आमची माणसं चष्मा लावून बुडी मारायची. मग तिथलंही संपलं, तेव्हा व्यापाऱ्याच्या बोटी आल्या, पाठीवर बांधून खोल उतरायच्या हवेच्या नळकांड्या घेऊन. ज्या वाळूतून काकड्या गेल्या ती वाळू बुळबुळीत, हिरवी झालीय. पाय ठेवला की वास येतो. शिंपलेही तिथे राहत नाहीत.

तुमचा भाऊ सगळ्यांत खोल जायचा. तुम्हाला ठाऊकच आहे, लहानपणापासून कुणी पुढे गेलेलं त्याला खपत नाही.

फोनवर त्याने तुम्हाला पाठ धरल्याचं सांगितलं. पाठ धरलेली नाही, वन्सं. मार्चमध्ये एकदा बुडी मारून वर आला, बोटीत बसला, चहा मागितला, कोपर खाजतंय म्हणून चेष्टा केली. मग उठायला गेला तर पाय उठेनात. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "पेटके आलेत. तेल चोळा, उतरेल." आम्ही तेल चोळत बसलो. सुवाच्या इस्पितळात पोचलो तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, खोलातून झटकन वर आल्याने रक्तात हवेचे बुडबुडे झालेत, आणि ह्यांना दाबाच्या टाकीत ठेवलं. हात आणि कंबर सुधारली. पाय नाही सुधारले.

हे चालत नाहीत, वन्सं. मी उचलते तेव्हा उठतात.

मला शपथ घातलीय. म्हणाले, "ताईला सांगू नकोस. ती रोज त्या काकड्यांच्या पाण्यात हात घालते. तिला ते काम करवणार नाही." शपथ मोडली मी. कारण आता त्यांच्या जागेवर, त्याच बोटीत, तुमचा धाकटा भाऊ, तुम्ही कडेवर वाढवलेला इनोके जातोय. मी अडवलं तर म्हणतो, "वहिनी, दादाचं औषधपाणी मीच बघणार. तू मध्ये पडू नकोस." माझं तो ऐकत नाही. तुम्ही त्याला

सोमवार, १६ जून

वन्सं, वर लिहिता लिहिता हे जागे झाले आणि कागद मी चटईखाली सरकवला. मग वारा सुटला, मास्तरांची बोट निघालीच नाही. बरंच झालं, कारण मधल्या दिवसांत जे घडलं तेही कळवता येईल.

व्यापाऱ्याचा माणूस काकड्या काढायच्या नव्या परवानगीसाठी गावच्या सरदारांकडे आला. सगळं गाव जमलं, यांगोनाच्या मुळ्यांचं पेय कालवून भांडं मांडलं. हे म्हणाले, "मला न्या तिथे." इतके दिवस गावात कुणाला तोंड दाखवलं नव्हतं. इनोकेने त्यांना पाठीवर घेतलं आणि टेकाड चढून नेलं.

तो माणूस गोड बोलणारा. यांना बघून म्हणाला, "फार वाईट झालं, दादा. पण तुम्ही वर यायची घाई केलीत. नळकांडीचा काय दोष?"

हे शांतपणे म्हणाले, "घाई केली, खरंय. पण एवढा खोल मी कशाला गेलो होतो? वर काही शिल्लक होतं का?"

तो म्हणाला, "मी नाही घेतल्या तर दुसरा घेईल. तिकडे लोक मागतात, म्हणून आम्ही येतो."

तेव्हा मागून सेरेइमा आत्या बोलली. बायका तिथे बोलत नाहीत, पण तिला कोण गप्प करणार? "मागू देत की! आमच्या घरातली पोरं काढून द्यायची का त्यांना?"

सरदारांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. काहींना ते पैसे हवे होते, आणि त्यांचंही खोटं नाही. वादळात पत्रे उडालेली घरं अजून तशीच आहेत. शेवटी ठरलं की आपल्या प्रवाळावर नळकांडी लावून कुणी उतरायचं नाही आणि जवळचं पाणी काही वर्षं बंद. तो माणूस चिडला नाही. पुढचं गाव आहेच, म्हणाला, आणि ज्याला यायचं त्याने सकाळी बोटीवर यावं.

सकाळी इनोके पिशवी घेऊन निघाला. मी चुलीपाशी होते. हाक मारायला उठले. हे म्हणाले, "जाऊ दे त्याला. अडवलेला माणूस चोरून जातो." आणि पाण्याकडे बघत राहिले.

बोटीचा आवाज दूर गेला. थोड्या वेळाने पोरगा चिखल तुडवत परत आला.

"बोटीतून उतरलास?" मी विचारलं.

"उतरलो."

"बरं केलंस."

"काय बरं केलं? आता खायचं काय?"

"कसावा."

"कसावा, कसावा! उद्या माझ्या कानांतून कसावा उगवेल!" तो ओरडला, आणि मग मटकन पायरीवर बसला. हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, काल टेकाड चढताना दादाचे पाय सगळ्या वाटेवर माझ्या पोटऱ्यांना आपटत होते. त्याला कळतही नव्हतं."

तो आता टेकडीवर यांगोना लावायला जमीन साफ करतोय. पीक हाती यायला वर्षं लागतील. रागात कुऱ्हाड चालवतो, इथवर ऐकू येते. उद्या पुन्हा बोट आली तर तो काय करेल, मला खात्री नाही.

तुम्ही नोकरी सोडू नका. त्या बशा तुम्ही मागवलेल्या नाहीत, आणि तुमच्या हातांना मी कधीच दोष देणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा यांना तब्येत कशी आहे असं विचारू नका, ते बरी म्हणतील. सरळ विचारा, "आपिसाई, उभं राहता येतं का तुला?" ते माझ्यावर भडकतील, भडकू देत. इतके महिने ते कुणापुढे रडलेले नाहीत, वन्सं. थोरल्या बहिणीपुढे रडतील.

तुमच्या भावाची शपथ मोडलेली, तुमचीच भावजय
आकानिसी