संशय गोळीवर

४ जून, कराड
इतिहासात नोंद असावी: आज शब्दकोडं सोडवताना 'आडवे सात'च्या चौकोनातून एक गोचीड चालत गेली. बुंदी, आमची कुत्री, खुर्चीखाली निवांत खाजवत होती. पेपर टाकून द्यावा लागला. या घरात माझं म्हणून काही...

५ जून
बुंदीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे. गोचिडीची गोळी दिली. महिनाभर पुरते म्हणे. महिनाभर पुरणारं विष, एका घासात! पत्रक वाचलं: 'क्वचित झटके येऊ शकतात.' क्वचित म्हणजे नेमकी कुणाची कुत्री?
संध्याकाळी माझा मेहुणा, सुनंदाचा भाऊ म्हादू, जतहून आला. मेंढरं पुतण्यावर सोडून.

६ जून
सकाळी गोळी दिली. दुपारी बुंदी थरथरायला लागली. तोंडाला फेस, पाय ताठ. सुनंदा रडायलाच लागली. रिक्षा. दवाखाना.
"अंगाला आणखी काही लावलंय?"
"तुमची गोळी काय कमी पडली?"
बाईंनी सुई टोचली, ठेवून घेतली. येताना शेजारच्या साळुंख्यांना सांगून टाकलं, तुमची मांजर तिकडं नेऊ नका.

७ जून
मागच्या दारी बादलीला उग्र वास.
"हे काय रं, म्हादू?"
"मेंढरं बुडवायचं औषध. कुत्रीला लय गोचिड्या, दाजी. काल सकाळी तुमी अंघोळीला गेला तवा पुसून काढली. म्हटलं, दाजी खूश व्हतील."
"किती घातलंस?"
"नेहमीचंच, झाकणभर. ही एकलीच, म्हणून पाणी तांब्याभरच घेतलं."
बादलीभर पाण्याचं औषध तांब्याभर पाण्यात, आणि बुंदी तर अंग चाटते, म्हटलं.
"मेंढरू अंग चाटत न्हाई, दाजी. ही चाटती व्हय?"
लगेच बाईंना फोन. एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आत्ताच धुवून काढते." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विचारलं, मग झटके कशानं, गोळीनं की यानं?
"दोन्ही एकाच सकाळी गेलंय. कसं सांगू?"

१० जून
बुंदी घरी. मागचा पाय अजून मधूनच थरथरतो. म्हादू तिच्या उशाशी. जायचं नाव नाही.
"दाजी, शिव्या तरी घाला."
नाही घातल्या. फार जड गेलं.
पुढच्या महिन्याची गोळी फ्रिजवर. द्यायची की... बाई म्हणतात, पाय थांबू दे, मग बघू. मी येताजाता त्या खोक्याकडं बघतो. गोचिड्या काही थांबणार नाहीत.
संध्याकाळी साळुंख्यांकडं जाऊन आलो. म्हटलं, मांजर बाईंकडंच न्या.
"अहो, त्या दिवशी तर तुम्हीच..."
"त्या दिवशी चुकीचं सांगितलं," म्हटलं. चहा न घेताच उठलो.