तुझी रांगोळी छान असते

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
२१ जून २०२६, रविवार

प्रिय आशालता,

सप्रेम नमस्कार. तिकडे ऑकलंडला, बॉटनी डाउन्सला सगळे मजेत असाल. रमणचा गुडघा आता कसा आहे? अक्षतचं परीक्षेचं वर्ष असेल. आमच्या सिद्धीचंही आहे म्हणे, पुस्तक काही हातात दिसलेलं नाही. अनिरुद्ध ठीक. वारा तोच. परवा आमचा कचऱ्याचा डबा उडून थेट तुमच्या जुन्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला. मी सवयीनं तुला हाक मारणार होते.

दोन वर्षांनी पत्र, तेही हातानं लिहिलेलं, म्हणून दचकू नकोस. फोनवर मी फार बोलते आणि मुद्द्याचं राहून जातं, हे तूच म्हणायचीस.

बातमी अशी की आपल्या गल्लीनं एक मंडळ काढलंय. नाव अजून ठरलेलं नाही, पण नावावरून भांडणं सुरू झाली आहेत, म्हणजे मंडळ खरंच आहे. कोपऱ्यावरची लोसा आठवते ना, सामोअन, मोठ्यानं हसणारी? तिची मेले सिद्धीच्या वर्गात आहे. मार्चमध्ये दोघी शाळेतून येताना एका दुकानात शिरल्या. निघताना सिक्युरिटीवाल्यानं मेलेला अडवलं, दप्तर रिकामं करायला लावलं. सिद्धीला म्हणाला, तू जा. सिद्धी गेली नाही. तिनं आपलंही दप्तर तिथेच उपडं केलं, डब्यातल्या पोळीभाजीसकट. मेलेच्या दप्तरात वह्यांशिवाय काही निघालं नाही.

त्या संध्याकाळी लोसा आमच्याकडे आली. आम्ही दोघी आधी रडलो, मग संतापलो, मग घरोघर फिरलो. अकरा घरं तयार झाली. लोसाच्या चर्चचा हॉल मिळाला. दुकानाला पत्र गेलंय. शनिवारी मुलं जमतात, अभ्यास करतात, आणि कुणी अडवलं तर काय बोलायचं, कुणाला फोन करायचा, याची तालीम करतात. पहिल्या सभेत मी माझ्या वॉर्डातल्या त्या पेशंटची गोष्ट सांगितली, ज्याला ‘इथली’ नर्स हवी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आवडल्या, खोटं कशाला बोलू.

दुसरी सभा मुलांनी चालवली. त्यांनी नियम केला की आपल्याला कुणी काय केलं ते मोठ्यांनी सांगण्याआधी, आपण कुणाला काय केलं ते एक तरी सांगायचं. नियम सिद्धीच्या अक्षरात फळ्यावर होता. लोसा पहिली उठली. म्हणाली, मी मेलेला सिद्धीच्या घरी जाऊ देत नव्हते, कारण भारतीय लोक आपल्याला खालचं समजतात असं मला वाटायचं. ती माझ्याकडे बघून हसली, मीही हसले. मग माझी पाळी आली. मी सांगितलं की एका चिनी नर्सचं नाव मी वर्षभर चुकीचं घेत होते. सगळ्यांनी समजुतीनं माना डोलावल्या.

घरी येताना सिद्धी चढावर मध्येच थांबली.

“आई, अक्षतची आई. दॅट वन.”

मी विचारलं, कोणतं?

“आय वॉज इन द किचन, आई. आय हर्ड यू.”

तुमच्या इथल्या शेवटच्या वर्षी सरलाकाकूंकडच्या गणपतीत कामांची वाटणी जरा बदलली, असं मी मनाशी म्हणत आले आहे. नंतर म्हणू लागले की सरलाकाकू जुन्या वळणाच्या, त्यांना चाललं नसतं. बिचाऱ्या सरलाकाकूंनी एक शब्द काढला नव्हता. ते मी केलं, आशा. एकटीनं.

त्या ऑगस्टमध्ये तुझे बाबा कोल्हापूरहून आले होते. माझ्यासाठी स्वतः शिवलेल्या चपला घेऊन आले. चहा पिताना सांगत होते की आजोबांपासून घरात हेच काम, आणि अंगठ्यावरचे घट्टे दाखवत होते. मी म्हटलं, किती सुबक काम आहे, आणि तिथल्या तिथे चपला पायांत घातल्या. घरी येऊन काकूंना फोन केला की यंदा नैवेद्याचे मोदक आशालताकडे नकोत. आधीची दोन वर्षं सगळे मोदक तुझ्या हातचे होते, त्या कळ्या दुसऱ्या कुणाला जमत नव्हत्या.

आणि तुला मी म्हणाले, तुझी रांगोळी छान असते, यंदा तू रांगोळी घाल.  तू फक्त खाली माझ्या पायांकडे पाहिलंस.

रांगोळी घातलीस, आरतीला थांबलीस आणि प्रसाद न घेता गेलीस. फेब्रुवारीत तुम्ही ऑकलंडला गेलात. रमणची नोकरी, असं सगळ्यांना सांगत मीच फिरले.

त्या सिक्युरिटीवाल्याला मी तोंडभरून शिव्या घातल्या. पण त्यानं जे केलं ते चारचौघांत केलं. मी गोड बोलून केलं, म्हणजे तुला तक्रारही करता येऊ नये.

आता मंडळ मला अध्यक्ष करायचं म्हणतंय. माओरी नववर्षाच्या, मातारिकीच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, अकरा जुलैला सभा आहे. तिथे निवड होण्याआधी उभं राहून हे सगळं सांगायचं असं मी ठरवलंय, तुझं नाव न घेता. पण त्यांना आधी सांगितलं असतं, तर तुझ्या अपमानावर मी पुन्हा टाळ्या मिळवल्या असत्या. म्हणून आधी तुला. सांगू नकोस म्हणालीस तर सांगणार नाही, आणि मग अध्यक्षही होणार नाही. उत्तर दिलं नाहीस तरी मी तेच समजेन.

‘माफ कर’ असं दोनदा लिहून खोडलं. तू मला काहीतरी द्यावंस, असं आता मागायची लाज वाटते. मला तुझी फार आठवण येते, एवढं मात्र राहवत नाही म्हणून लिहिते. बाबांना नमस्कार सांग म्हणायचा धीर होत नाही. चपला कपाटात आहेत. तू पाहिलंस त्या दिवसानंतर घातलेल्या नाहीत.

त्याच चपला घालून तुला रांगोळीकडे पाठवणारी,
सुलेखा