आश्रमाची हातगाडी

२७ ऑक्टोबर १९७४

ती बाई आज परत आली! दारातूनच ओरडली, "नको आसलेलं सामान हाय काय वो, पावणं?" मी माझ्याच दारात पावणा!

नाव तानाबाई. टेंबलाईच्या वाटेवर बायकांचा आश्रम आहे, तिथली. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, कुणी नसलेल्या बायका राहतात म्हणे. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की ही गल्लोगल्ली हिंडून लोकांची अडगळ गोळा करते. मागं केरबा हातगाडीवाला. गाडी आधीच निम्मी भरलेली. शाहूपुरीत एवढे दानशूर राहतात हे मला माहीत नव्हतं.

मी पावती मागितली. म्हणाली, "फुटक्या बादलीची पावती कोण देतंय व्हय?" उत्तर तयारच होतं. सगळा जन्म मी दस्तनोंदणीच्या कचेरीत लोकांचे अंगठे तपासले. खरा माणूस अडखळतो, घाम पुसतो, बापाचं नाव चुकतो. ज्याचं उत्तर तयार असतं त्याच्याकडं दोनदा बघावं.

आमच्या हिनं, पद्मजानं, गळकी बादली, काच फुटलेला कंदील आणि माझी बिनपाठीची खुर्ची दिली. बादलीचं एक वेळ ठीक. खुर्ची मात्र मी गाडीवरून उतरवून घेतली. पाठ नसली म्हणून काय झालं? बसायला पाठ लागत नाही.

पद्मजा म्हणाली, "तुम्ही बसता कधी त्या खुर्चीवर?"

प्रश्न तो नाही.

२९ ऑक्टोबर

साखरेच्या डब्याला मी आतून पेन्सिलीनं रेघ मारून ठेवतो. आज बघितलं. साखर रेघेला बरोबर लागून. म्हणजे तानाबाईला चहा दिलेला नाही. किंवा गुळाचा दिला!

२ नोव्हेंबर

पद्मजानं माळा खाली काढला. दोघांच्या घरात एवढं सामान कशाला, म्हणते. चालतंय म्हणून ठेवलंय, आणखी कशाला?

हातगाडी आली. या खेपेला फुटकं-तुटकं काही नाही. शिसवी पाट गेला! आजऱ्याहून तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली पाटांची जोडी होती. इतकी वर्षं पंगतीत शेजारी शेजारी. त्यातला एक दिला, एक ठेवला. मी म्हटलं, आश्रमात बायका ढीगभर, एका पाटावर कशा मावणार?

"एकीला पुरतो की," म्हणाली.

असं कुठं दान असतं? द्यायचं तर जोडी द्यावी, नाहीतर देऊ नये. मला वाटतं तानाबाईनंच नजर टाकून मागितला असणार. तिची नजर फिरते. माझ्याशी बोलत होती तेव्हा डोळे आत, स्वयंपाकघराच्या फळीवर होते.

५ नोव्हेंबर

आज ताट, तांब्या, लहान पातेलं. सगळं पितळी, सगळं एकेक, आणि सगळं आजऱ्याचं. माझ्या आईच्या भांड्याला हात लावला नाही. आजऱ्याचं पितळ जड, हे त्या तानाबाईला कुणी सांगितलं?

पण मला खटकलं ते वेगळंच. भांडी रिकामी दिली! ही पद्मजा, हंबीररावांच्या घरची वाटी परत करताना चिमूटभर साखर तरी घालणारच. त्यांच्याकडून आमटी आली की आमची साखर गेलीच म्हणून समजावं. मी बोलून थकलो. रिकामं भांडं कुणाला देऊ नये, एवढंच पालुपद. आणि आज दान म्हणून भांडी दिली तर त्यात तांदळाचा दाणा नाही!

मी विचारलं. जरा टोचूनच विचारलं.

ती पातेलं पुसत होती. म्हणाली, "परक्याला द्यायचं तर भरून देतात. घरातल्या घरात कोण भरतं?"

घरातल्या घरात! मला कळायचं ते कळलं. आश्रमवाल्यांनी हिच्या डोक्यात भरवलंय — ताई, हे तुमचंच घर समजा. फसवणाऱ्याचं पहिलं वाक्य हेच असतं. आमच्या कचेरीतही असंच चालायचं. काकांना 'बाबा बाबा' म्हणायचे आणि शेत लिहून घ्यायचे.

७ नोव्हेंबर

पुढच्या दाराला आतून दुसरी कडी बसवली.

९ नोव्हेंबर

सकाळी कुणाला न सांगता भांड्यांच्या गल्लीत गेलो. मोडीची दुकानं पालथी घातली. आमची भांडी मी अंधारातही ओळखीन, प्रत्येकावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे. मोडीच्या ढिगात हात घालून एकेक तांब्या उलटा करून बघत होतो. दुकानदार म्हणाला, "काय पावणं, चोरी झालीया काय तुमच्यात?"

मी म्हटलं, "अजून सिद्ध व्हायचंय."

दुसऱ्यांची नावं पुष्कळ सापडली, आमचं नाही. म्हणजे वितळवली असणार. हे लोक पुरावा ठेवत नाहीत.

हात काळे झाले. घरी पद्मजानं बघितलं आणि गरम पाणी दिलं.

१० नोव्हेंबर

कुठंतरी पाणी मुरतंय हे मला माहीतच होतं. आता कुठं ते कळलं!

शेजारचे हंबीरराव वाड्याच्या कोपऱ्यावर भेटले. दूधसंघात आहेत, सायकलवरून सगळं गाव हिंडतात. म्हणाले, "नरसिंहपंत, वैनी दुपारच्या टेंबलाईच्या वाटंला दिसत्यात की रोज. नवस बोललाय काय?"

मला सांगते, अंबाबाईला जाते. देऊळ एका अंगाला, टेंबलाई दुसऱ्या! चपलांवर तांबडी माती असते ती मी बघितली होती. पण मला वाटलं रस्त्याचं काम चाललंय.

तिला विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतं. आधी सगळं गोळा करावं, मग विचारावं.

पण आज जेवताना तिच्याकडं बघत होतो. थकलेली दिसत नाही. एवढं चालून येते, तरी थकलेली दिसत नाही.

१३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. किल्ल्यांच्या जुडग्यालाही हळदकुंकू वाहिलं. सगळ्या जागेवर.

१४ नोव्हेंबर — पाडवा

सकाळी मला उटणं लावलं. संध्याकाळी ओवाळलं. रीतीत कसूर नाही. ओवाळणीला लुगडं आणून ठेवलं होतं, तिनं ते बाजूला सरकवलं. म्हणाली, "मला मशीनची किल्ली द्या."

शिवणाचं मशीन. तिच्या भावानं आजऱ्याहून पाठवलेलं. त्याच्या लाकडी झाकणाला मी कुलूप घातलंय त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कारण होतं. गल्लीतल्या बायका पोलकी शिवायला यायच्या, दुपारभर हसणं-खिदळणं, घरात कोण येतंय, कोण जातंय, काय उचलतंय, पत्ता लागेना. मी कुलूप घातलं. ती तेव्हा काही बोलली नव्हती.

पाडव्याला तोंडानं मागितलेल्याला नाही म्हणता येत नाही. किल्ली दिली. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. तिनं पदरानं मशीन पुसलं, चाक फिरवून बघितलं. फिरलं! आणि ती हसली.

इतक्या वर्षांनी हसली आणि मला कारण कळेना. करंज्या गोड लागल्या नाहीत.

१६ नोव्हेंबर

मशीन गेलं!!

मी केस कापायला गेलो होतो, तेवढ्यात. कोपऱ्यावर केरबा भेटला, रिकामी गाडी घेऊन परत येत होता. मला बघून रस्त्याच्या पलीकडं वळला. खाई त्याला खवखवे!

घरी येऊन आवाज चढवला. हे काय नको असलेलं सामान आहे? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातंय!

ती शांतपणे म्हणाली, "हलवाई मीच आहे. मशीन माझं होतं."

हे बोलणं तिचं नाही. कुणीतरी शिकवलंय.

२० नोव्हेंबर

आज आश्रमात गेलो. पकडायचंच म्हणून गेलो. पद्मजा घरी तांदूळ निवडत बसली होती, म्हणजे आत खबर पोचायची भीती नाही. उन्हातून छत्री घेऊन चालत गेलो. लांब आहे. रोज चालते ती!

प्रमुख बाई लीलाताई. जाड भिंगाचा चष्मा, आवाज मास्तरणीचा. मी म्हटलं, आमच्या घरून आलेल्या वस्तू कुठं आहेत, बघायच्या आहेत. मला वाटलं टाळाटाळ करील. "या, दाखवते," म्हणाली आणि चालायलाच लागली.

बादली विहिरीपाशी होती. बुडाला नवा पत्रा ठोकलेला. कंदिलाला नवी काच. तानाबाई तिथंच कपडे वाळत घालत होती, मला बघून म्हणाली, "या पावणं, बरी वाट घावली!" मी लक्ष दिलं नाही. बादली-कंदील काय, दाखवायला ठेवतात. "मशीन कुठाय?" मी विचारलं.

लीलाताई पहिल्यांदा अडखळली. "ते पद्मजाताईंच्या खोलीत आहे," म्हणाली.

मला वाटलं देणगीदाराचं नाव देतात खोलीला. तसं विचारलंही. तिनं पडवीच्या टोकाचं दार ढकललं.

लहान खोली. खिडकीबाहेर पेरूचं झाड. खिडकीशी मशीन, त्यावर अर्धवट शिवलेलं पोलकं, सुई अजून कापडात. भिंतीला लावून पाट. फळीवर ताट, तांब्या, पातेलं. घासून लखलखीत, वर तिच्या वडिलांचं नाव. सगळं एकेक. खाटेवर ती गोधडी, जी मी समजत होतो धोब्याकडं हरवली. धोब्याला मी नाही नाही ते बोललो होतो.

दाराला कुलूप नव्हतं. कोयंडाच नव्हता.

लीलाताई म्हणाली, "सोमवारपासून राहायला येणार आहेत. आमच्या मुलींना शिवण शिकवतील. रोज दुपारी येऊन शिकवतातच म्हणा." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तुम्हाला बोलल्या नाहीत?"

परत कसा आलो आठवत नाही. छत्री तिथंच राहिली.

२१ नोव्हेंबर

विचारलं. सगळं गोळा झालं होतं, आता विचारायलाच हवं होतं.

मी म्हटलं, मी कधी हात उगारला?

"नाही."

उपाशी ठेवलं? बाहेरचा नाद? दारू?

"नाही हो. तसलं काहीच नाही."

मग झालंय काय?

ती म्हणाली, "चहात साखर घालायची तर डबा कलता करून आधी रेघ बघायची. किती वर्षं बघायची?"

रेघ तिला माहीत होती! सगळा वेळ माहीत होती.

मी म्हटलं, मला सांगायचंस. म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही नुसतं तपासता."

रागावून म्हणाली असती तर मी उलटं बोललो असतो. ती भाजी चिरत म्हणाली.

२३ नोव्हेंबर

डब्यातली रेघ खोडरबरानं पुसली. पत्र्यावर डाग राहिलाय.

तिला दाखवलं नाही. बघितलं असेल.

२५ नोव्हेंबर

गेली. कापडी पिशवी घेऊन, चालत. नमस्कार करून गेली. दोन्ही कड्या मीच काढून दिल्या.

उरलेल्या पाटावर जेवायला बसलो. भात कच्चा राहिला. घर खायला उठलंय. कुलपं सगळी जागेवर, किल्ल्या जागेवर, एक वस्तू हललेली नाही, आणि तरी मी उठून उठून काय गेलंय ते शोधतोय. हंबीरराव विचारून गेले, "वैनी माहेराला काय?" मी हो म्हटलं.

२८ नोव्हेंबर

फळीवर मागच्या बाजूला आजऱ्याचा आणखी एक डबा सापडला. पितळी, कडीचा, वडिलांचं नाव असलेला. तिच्या नजरेतून राहिला की मुद्दाम ठेवला? मुद्दाम ठेवला असेल तर अजून काही बिघडलेलं नाही.

तानाबाई गल्लीत आली होती. तिला हाक मारली, डबा दिला. पद्मजाला द्या म्हटलं. झाकण उघडून म्हणाली, "मोकळाच?"

"मोकळाच द्या," मी म्हटलं. आजऱ्याचे तांदूळ होते घरात, घालता आले असते. मुद्दामच घातले नाहीत. घरातल्या घरात कोण भरतं? तिचंच वाक्य आहे. तिला कळेल.

तानाबाईला चहा दिला. साखरेचा.

३० नोव्हेंबर

डबा परत आला. काठोकाठ रव्याचे लाडू.

तानाबाई म्हणाली, "वैनींनी दिल्यात. पावण्याचं भांडं मोकळं धाडू नये म्हणाल्या."